एक हात खाली

मी मागची खोली बोलतेय. उस्मानपुऱ्यातल्या सदाशिवरावांच्या दगडी घराच्या पाठीला चिकटवलेली. वय अकरा महिने. एवढ्याशा वयात कुणी आपली कहाणी सांगतं का, असं म्हणाल तर म्हणा. पुढचं घर शंभरीला आलंय आणि त्यानं आजवर तोंड उघडलेलं नाही. मोठ्यांनी बोलायचं तेव्हा बोलायचं नाही, मग लहानांनी तोंड उघडलं की त्याला उद्धटपणा म्हणायचं. तर मी उद्धट आहे, असं धरून चला.

पुढचं घर म्हणजे चुन्यात बसवलेला काळा दगड, सागवानी खांब आणि दर्शनी कमान. सदाशिवरावांचे आजोबा निजामाच्या दफ्तरात कारकून होते, त्यांनी ते बांधलं. रविवारी जुनी घरं बघत हिंडणारी माणसं येतात, कमानीखाली फोटो काढतात. सदाशिवराव त्यांना आत नेऊन तासभर माहिती देतात. माणसं घड्याळ बघायला लागतात, ते मात्र यांना दिसत नाही. निवृत्त प्राध्यापक आहेत.

मला बांधलं ते उमाकाकूंसाठी. उमाकाकू म्हणजे सदाशिवरावांच्या पत्नी. अंगणातल्या संडासाकडं जाताना त्या घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. पायरी चढायची नाही, उतरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग घरात ठरलं की कमानीला धक्का न लावता मागं एक खोली काढायची, तिच्यातच संडास-न्हाणी घ्यायची आणि बाहेर छोटा पोर्च करायचा. स्वयंपाकघराच्या मागच्या बिनउंबऱ्याच्या दारातून काकू सरळ चालत माझ्यात येतील. कुणाला हाक न मारता. माझं काम एवढंच होतं.

फकिरा मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी पाणी भरलेली लेव्हलची नळी काढली. एक टोक त्यानं स्वयंपाकघराच्या फरशीशी धरलं, दुसरं सारजाबाईनं बाहेर धरलं. सारजाबाई त्याच्या हाताखाली काम करते, रोज मुकुंदवाडीहून येते. नळीतलं पाणी हललं, डुललं आणि थांबलं. थांबलं तिथं फकिरानं निळी रेघ मारली. तीच माझी फरशी ठरायची होती.

सदाशिवरावांनी चष्मा कपाळावर चढवून रेघ बघितली.

"हे काय?"

"लेवल, मालक. आतली अन् बाहेरची एकच."

"एकच? देवघराची आणि संडासाची जमीन एका पातळीत? आजोबांच्या जोत्याच्या बरोबरीला मोरी येणार नाही, फकिरा. एक हात खाली घे."

"मालक, मंग तीन पायऱ्या निघत्यात. काकूंला कसं व्हायचं?"

"घरात माणसं आहेत ना धरायला!"

मुलगा चिन्मय तिथंच मोबाइल चाळत उभा होता. इंजिनिअर आहे. चिकलठाण्याच्या कंपनीत तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडतो म्हणे. इथं डोळ्यांदेखत हातभर चूक होत होती. तो म्हणाला, "बाबा म्हणताहेत तर घ्या खाली. कशाला वाद?"

शिवाशिव कशी गेली पाहिजे यावर सदाशिवरावांनी आयुष्यभर भाषणं ठोकली. टाळ्याही घेतल्या. स्वतःच्या घरातल्या संडासाची वेळ आली तेव्हा भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक. काकू चार पावलांवर खुर्चीत मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना कुणीही विचारलं नाही. फकिरानं रेघ पुसली.

अशी मी हातभर खाली जन्मले. भिंती वर चढल्या, स्लॅब पडला, पांढऱ्या फरश्या बसल्या. पोर्चची तर काय ऐट! सदाशिवराव तिथं फकिराच्या डोक्यावर उभे राहायचे. खुर्ची कुठं येईल, सकाळचं ऊन कुठं पडेल, पेपर धरल्यावर कोपर कठड्याला लागेल का. एका माणसाच्या बुडाला इतका विचार मिळालेला मी पाहिलाय.

वास्तुशांतीला पाहुणे आले, जेवले, "जुन्याला साजेसं झालंय हो" म्हणाले. काकू वरच्या दारात वॉकर धरून उभ्या होत्या. तीन पायऱ्या खाली मी होते. आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो.

मग रोजचं सुरू झालं. चिन्मय कंपनीत, सून शाळेवर, घरात हे दोघं.

"अहो."

"हो, हो. एवढा अग्रलेख संपवतो."

"अहो, ऐकलं का?"

"अगं, आत्ताच तर जाऊन आलीस!"

पायऱ्या उतरवताना ते काकूंचा दंड असा धरायचे, की जणू एखादा चोर पकडलाय. काकूंनी यावर उपाय काढला. पाणी पिणं सोडलं. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी औषधापुरता घोट. महिन्याभरात लघवीला जळजळ, मग थंडीताप, मग तीन दिवस सलाइन. घरी आल्यावर सदाशिवराव म्हणाले, "पाणी प्यायचं नाही आणि आजारी पडायचं. बायकांचं हे असंच."

माझ्या भिंतीत नुसती वीट होती म्हणून निभावलं. हात असता तर काय केलं असतं, सांगत नाही.

शेजारच्या गल्लीत काम लागलं तेव्हा सारजाबाई काकूंना बघायला डोकावली.

"काकू, व्हट पार वाळलेत. पानी पीत नाय का?"

"प्यायलं की जावं लागतं, सारजा. आणि जायचं तर आधी परवानगी काढावी लागते."

सारजाबाईनं पायऱ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मंग भर घाला की हिच्यात. हातभर मुरूम टाकला की झाली बरोबरी. त्यात काय लई मोठं?"

काकूंनी वॉकर जवळ ओढला. मग म्हणाल्या, "उद्या ते वाचनालयाच्या बैठकीला जाणार आहेत. फकिराला घेऊन ये."

सकाळी दहाला फकिरानं आधी कमोड उचकटून बाजूला ठेवला. मग माझ्या पांढऱ्या फरश्यांवर मुरमाची पहिली पाटी पडली. अकरा वाजता मी घोट्यापर्यंत बुडाले, साडेअकराला गुडघ्यापर्यंत. खिडकी खाली आल्यासारखी झाली, छत जवळ आलं. माझी नटवलेली जमीन गाडली जात होती. तरी मी म्हणत होते, टाका, अजून टाका, थांबू नका.

पावणेबाराला सदाशिवराव परतले.

"हे कुणी सांगितलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"अगं, पण आजोबांचं जोतं..."

"तुमचे आजोबा येणार आहेत का मला धरायला?"

सारजाबाईनं तोंडात पदर कोंबला. फकिरा मुरूम चोपत राहिला.

"मी या घरात जेवणार नाही!"

"बरं. पोळ्या झाकून ठेवते."

एक वाजता झाकण निघालेलं होतं.

पण माणूस तेवढ्यावर थांबत नाही. कमोड उंचावून बसला, वर सिमेंटचा कोबा झाला, तेव्हा त्यांनी फकिराला सांगितलं की यापुढं या खोलीत फरशीचा एक तुकडा लागणार नाही. म्हणून मी उघड्या कोब्यावर आहे. जमीन वर आल्यावर संडासाचं दार अडायला लागलं, त्याची खालची फळी कापून तशीच सोडलीय. पोर्च होता तिथंच राहिला. आता त्यांची खुर्ची माझ्यापेक्षा हातभर खाली असते आणि ते माझ्याकडं पाठ करून पेपर वाचतात. घराची शोभा मी घालवली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. सांगोत. चिन्मय या वेळी कुणाच्याच बाजूनं बोललेला नाही.

घर वाढवणाऱ्यांनो, खुशाल वाढवा. पण रेघ मारायच्या आधी तिथून कोण चालणार आहे त्याला विचारा. मेलेल्या माणसाचा मान हातभर उंच ठेवायला जिवंत माणसाचं हाड खर्ची घालू नका. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर वाटू द्या.

सारजाबाईनं सात दिवस कोब्याला पाणी मारलं, तेवढे दिवस काकूंनी पलंगाखालच्या भांड्यावर काढले. आज आठवा. आत्ताच स्वयंपाकघरातून वॉकरचा आवाज आला. टक. टक. दारापाशी थोडा थांबला आणि पुढं आला. काकू एकट्या आल्या.

पोर्चमधून आवाज आला, "पडशील! दार लावू नकोस, मी येतो."

"येऊ नका."

जरा वेळानं पुन्हा, "झालं का?"

"नाही. वेळ लागेल मला."

आता तुम्हीही निघा. काकू आत आहेत आणि कडी लावलेली आहे.