चार-एक-सात

"चार-सात-एक, पाच हजार फुटांवर उतरा," ताई माइकमध्ये म्हणाल्या. "पाच हजारांवर उतरतोय, चार-एक-सात," असं उत्तर कानात पडलं न पडलं तोच त्या पुढच्या विमानाकडे वळल्या.

भरदुपारची वेळ. विमानतळावर उतरायला अकरा विमानं रांगेत, आणि ती एकमेकांवर आदळू नयेत म्हणून रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या ताई. नोकरीला सत्तावीस वर्षं झालेली. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं.

अचानक त्यांची नजर अडखळली. चार-सात-एक आपल्या उंचीवरून हललं नव्हतं. उतरत होतं ते चार-एक-सात! नऊ हजार, आठ हजार सातशे, आठ हजार चारशे... आणि त्याच्या वाटेत, सात हजारांवर, एक मालवाहू विमान आडवं चाललं होतं.

ताईंचा आवाज तसूभरही हलला नाही.

"चार-एक-सात, आठ हजारांवर थांबा. खाली येऊ नका."

"थांबतोय, चार-एक-सात."

आकडा आठ हजारांवर टेकला. दोन विमानांच्या मधे हजार फूट राहिले. नियमात जेमतेम बसणारे. धोक्याची घंटासुद्धा वाजली नाही.

उरलेली विमानं एकेक करून खाली आणल्यावरच ताईंनी खुर्ची दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि साहेबांकडे जाऊन चूक नोंदवायचा फॉर्म मागितला.

"अहो, चूक त्या पायलटची," साहेब म्हणाले. "दुसऱ्याला सांगितलेलं त्यानं आपल्यावर घेतलं."

"घेतलं. पण उत्तर देताना स्वतःचा नंबर सांगितला होता त्यानं. मी ऐकूनही ऐकलं नाही."

"कुणाला कळलंय का? चार महिन्यांत रिटायर व्हायचंय तुम्हाला. लिहिलंत तर खुर्ची सुटेल, पुन्हा वर्गात बसावं लागेल, परीक्षा द्यावी लागेल. सुखाचा जीव दुःखात कशाला घालताय?"

"साहेब, हे दोन नंबर रोज याच वेळेला एकत्र येतात. आज निभावलं. उद्या या खुर्चीत दुसरं कुणी असेल."

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला.

घरी नवरा ऐकून चक्रावलाच. "इतक्या वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही, आणि आता आपल्याच हातानं? लोक म्हणतील, बाईचं वय झालं."

"झालंच आहे की!" ताई हसल्या. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी कपाटातून नियमांची जुनी पुस्तकं काढली. नवऱ्यानं ते पाहिलं, आणि पुस्तकांवरची धूळ पुसून दिली.

दहा दिवसांनी पत्र आलं. चार-एक-सातचा नंबर कायमचा बदलला होता. लगेचच्या सोमवारी ताईंचा वर्ग सुरू झाला.

शिकवायला उभा होता तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. ताईंना दारात पाहून तो गडबडला. हातातला खडू टेबलावर ठेवून त्यानं घाईघाईनं आपली खुर्ची पुढे ओढली.

"ताई, तुम्ही इथे बसा ना. बाकावर कशाला?"

वीस-बावीस वर्षांची सगळी पोरं माना वळवून बघत होती.

"शिकवा, सर," ताई म्हणाल्या. दुसऱ्या बाकावर एका मुलीनं सरकून जागा दिली. तिथे बसून त्यांनी चष्मा चढवला, नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.