वहीतला रिकामा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी, हाताने शिवलेली वही आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांचे राज्य होते तेव्हा पुस्तकबांधणी करणाऱ्या मीरासाबांनी उरलेल्या कागदांतून मला बांधले. खळीत मोरचूद मिसळले होते, म्हणून माझ्या पानांना कधी कसर लागली नाही. मनाला मात्र लागली. तीच गोष्ट आज सांगते.

मीरासाबांनी मला आपल्या मुलीला, सुगराला दिले. सुगराला दवाखान्यात परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. तिथे रोगी कसा आहे, शांत की चिडका, सोशिक की घाबरट, हे दवाखान्याच्या गोऱ्या मडमेला इंग्रजीत सांगावे लागे. म्हणून सुगराने माझ्यात माणसांचे स्वभाव सांगणारे इंग्रजी शब्द लिहायला घेतले. तिची पद्धत पक्की होती. आधी शब्द, मग मराठी अर्थ, मग तसे वागणाऱ्या माणसाचे नाव आणि शेवटी कारण. कारण नसेल तर ती नाव लिहीत नसे. ‘पेशंट, सोशिक, तानाबाई. सुनेने तीनदा सांडलेले तांदूळ तीनदा निवडले, बोलली नाही.’ असे लिहून ती हसायची, माझ्यावर हात फिरवायची. मला वाटे, हिला माझ्याशिवाय कोण आहे?

मग तो आला. हातकणंगले स्टेशनावर नोकरीला असलेल्या रशीदमामाने भाचीसाठी छापील इंग्रजी कोश आणला. पाठीवर सोनेरी अक्षरे. सुगराने त्याला रेशमी फडक्यात गुंडाळले आणि फळीवर माझ्या अंगावरच ठेवले. त्याच्या वजनाने माझे कोपरे मुडपले. त्याच्यात हजारो शब्द होते, पण एकही माणूस नव्हता. तरी सुगरा दिवसभर त्यालाच घेऊन बसे. मी जळत होते.

दवाखान्यातल्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी सुगरा कोश घेऊन आतल्या खोलीत गेली. मी उंबऱ्याजवळ उघडीच पडले होते. तेवढ्यात दूध घालणाऱ्या शेजारच्या अंबूबाई आल्या. त्यांना अक्षरे जुळवून वाचता येत असे. वाऱ्याने पाने फडफडली आणि नेमके अंबूबाईंचे नाव असलेले पान वर आले. माझी शिवण घट्ट आहे. मनात आणले असते तर मी मिटले असते. मिटले नाही. गडबड व्हावी, सुगराने कोश टाकून धावत यावे, मला उचलावे, एवढेच मला हवे होते.

अंबूबाई वाचू लागल्या, “ह...ट्टी. अंबू...बाई. दात दुखतो, वैद्याकडं जात नाही.” मग त्यांचा आवाज चढला. “सुगरे! दात माझा, दुखणं माझं, तू कोण गं लिवणार?”

सुगरा धावत आली. पण मला ओलांडून गेली.

“मावशी, चुकलं माझं.”

“उद्या तुझी तू जा मडमेकडं. हट्टी बाई कशाला पायजे संगट?”

मीरासाबांनी कपाळाला हात लावला. त्यांची अट एकच होती, “अंबूअक्का संगं असतील तर जा, न्हायतर न्हाय.” सुगराची वर्षाची मेहनत माझ्या एका पानाने बुडणार होती. त्या दिवशी मला कुणी उचलले नाही. कोशालाही नाही. तरी मला आनंद झाला नाही.

सकाळी दूध आले नाही. मुलाखत साडेदहाला होती. सुगरा मला घेऊन गोठ्यात गेली. अंबूबाई पाठ फिरवून धार काढत होत्या. सुगरा मला उघडून वाचू लागली.

“ऑनेस्ट, प्रामाणिक, अंबूबाई. दारात म्हैस आणून समोर धार काढते. ब्रेव्ह, धीट, अंबूबाई. प्लेगात लोक गाव सोडून गेले, तरी आमच्या आजारी घरात दूध पोचवत राहिली. काइंड, मायाळू, अंबूबाई. आई गेली तेव्हा माझी वेणी घालायला रोज आली.”

धारेचा आवाज थांबला.

“आन हट्टी?”

“ते खोडते, मावशी.”

“खोडू नगंस. खोटं न्हाय की त्ये. पर तेवढंच वाचून काल जेवले न्हाय मी.” हात पुसून त्यांनी मला घेतले, पाने चाळली. “हितं का कुणाचं नाव न्हाय?”

“जेलस. म्हणजे मत्सरी. तसं कुणी सापडलं नाही अजून.”

“सापडंल की,” म्हणून त्यांनी मला काखेत मारले आणि पदर खोचला. “चल. त्यो जाडा कोश ऱ्हाऊ दे. त्यात माझं नाव हाय का?”

“नाही.”

“मग काय कामाचा?”

मडमेने सुगराला विचारले, दाराशी उभी असलेली ती बाई कशी आहे ते सांग. सुगराने चार शब्द सांगितले, प्रत्येकाचे कारण सांगितले. हट्टीसुद्धा. मडम हसली. अंबूबाईंच्या काखेतून मी सगळे ऐकले. सुगराने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. तिला सगळे पाठ होते.

तिची निवड झाली. शिकायला जाताना तिने पेटीत कोश ठेवला. पुढच्या अभ्यासाला तोच लागणार होता. मी फळीवर राहिले. खोटे कशाला बोलू, अजूनही जळते.

मित्रांनो, वह्या जपून ठेवा, पण उघड्या टाकू नका. आणि कुणाचे एक पान वाचलेत, तर त्याचीच आणखी पाने शोधा. माझ्यातला ‘जेलस’पुढचा रकाना आजही रिकामाच आहे. सुगराला कारण ठाऊक नव्हते, म्हणून तिने नाव लिहिले नाही. तुमच्यापैकी कुणाकडे टाक असेल तर तिथे माझे नाव लिहा. कारण मी आत्ताच सांगितले आहे.