कुर्व्याखालचा चढ

"इथं डोक्यावर छप्पर आहे, सिन्योरा. हिवाळ्यात उबेची सोय. स्वच्छतागृह हाताशी." मिलानहून आलेली आर्किटेक्ट जिनेव्रा सोल्दानी टेबलावरच्या नकाशावर बोट फिरवत होती. "चाकाच्या खुर्च्यांसाठी दहा जागा. मुख्य स्टँडखाली, अगदी मैदानालगत."

इरिदे बार्तोलाच्चीनं नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि गोलमागच्या कुर्व्यात किती?"

"कुर्व्याला बेचाळीस पायऱ्या आहेत."

"पायऱ्या मला नका सांगू. तीस वर्षं चढलेय मी त्या. जागा किती, ते विचारलं."

"एकही नाही. तिथं शक्यच नाही."

"मग या दहा ज्यांना हव्यात त्यांना द्या. मला सुटाबुटातल्या दातांच्या डॉक्टरांशेजारी बसून टाळ्या वाजवायच्या नाहीत."

फुटबॉल क्लबचे अध्यक्ष हसले. इरिदे हसली नाही.

कास्तेलमोरा गावात तिला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. बुटांच्या कारखान्यात तळ शिवण्यात तिची हयात गेली होती, आणि दर रविवारी गोलमागच्या वळणदार पायऱ्यांवर, त्या कुर्व्यात, उभी राहून ती हजारभर लोकांना गाणी म्हणायला लावायची. सहा वर्षांपूर्वी ती स्कूटरवरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून नळदुरुस्ती करणारा सेत्तिमियो आणि आणखी तिघं तिला खुर्चीसकट उचलून वर नेत. आता स्टेडियमची डागडुजी निघाली होती, आणि असं उचलून नेणं नव्या नियमांत बसत नव्हतं.

नव्वद वर्षांपूर्वी हे स्टेडियम उभं राहिलं तेव्हा गावात फुटबॉलपेक्षा सायकल-शर्यतींची चलती होती. मैदानाभोवती सायकलींचा तिरका मार्ग होता. चौसष्ट साली तो काढून पायऱ्या वाढवल्या. त्या कामावर इरिदेचा बाप नाझारेनो गवंडी होता. तो सांगायचा, सायकलवाले रेल्वेकडच्या रस्त्यावरून भुयारात शिरायचे आणि चढानं थेट वळणावर, आताच्या कुर्व्याच्या जागी, निघायचे. भुयार कुणी बुजवलं नाही, नुसती तोंडावर भिंत घातली. मुकादमाला ऑगस्टच्या सुट्टीवर जायची घाई झाली होती. इरिदेनं हे सगळं सोल्दानीला सांगितलं.

"नकाशात असं काहीच नाही," सोल्दानी म्हणाली. नगरपालिकेत विचारलं, तर जुनी कागदपत्रं पुरात गेलेली. अध्यक्ष म्हणाले, "बाप लेकीला काय काय गोष्टी सांगतो!" भिंत फोडून बघा म्हटलं, तर वास्तू जुनी, संरक्षित. एक वीट हलवायची तरी रोमच्या परवानगीचा कागद लागणार.

"रोमचा कागद येईपर्यंत मी मरेन," इरिदे म्हणाली.

"तू कसली मरतेस!" सेत्तिमियो म्हणाला. "आम्हाला सगळ्यांना पोचवशील आणि मग सावकाश जाशील."

"मग आण तुझा हातोडा. गुरुवारी सकाळी दहाला."

"दिवसाढवळ्या? बाजार असतो गं गुरुवारी."

"असू दे. आपण काय चोरी करतोय?"

गुरुवारी रेल्वेकडच्या रस्त्यानं ती स्वतःच खुर्ची ढकलत आली. मागून सेत्तिमियो आणि कुर्व्यातली चार माणसं. मासळीच्या गाड्यावरची गिऱ्हाइकं हातातल्या पिशव्या सांभाळत बघायला आली. इरिदेनं हातोड्याच्या दांड्यानं भिंत ठोकत ठोकत पुढं सरकायला सुरुवात केली. भरीव, भरीव, पुन्हा भरीव. सेत्तिमियोचा चेहरा पडत चालला. नवव्या की दहाव्या ठोक्याला आवाज पोकळ आला. तिनं हातोडा उलटा धरला आणि पहिला घाव स्वतः घातला.

गिलावा पडायला लागला तसा पालिकेचा पोलीस उबाल्दो धावत आला. "इरिदे, थांब! गुन्हा आहे हा!"

"मग लिही ना. पेन नाही? सेत्तिमियो, याला पेन दे रे."

उबाल्दो मुकाट्यानं लिहू लागला. तो आडनावाशी अडखळला तेव्हा सी दोनदा येतो हेही तिनंच सांगितलं. तेवढ्यात एक वीट आत पडली आणि गार, कोंदट वारा बाहेर आला. सेत्तिमियोनं बॅटरी मारली. आत फरशीचा चढ वर वर गेलेला होता आणि अंधारात नाहीसा होत होता.

इरिदेला बापाची आठवण झाली, आणि त्याला खोटं पाडणाऱ्यांचा नव्यानं राग आला.

अर्ध्या तासात सोल्दानी पोचली. पांढऱ्या पँटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसून तिनं डोकं आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. काढलं तेव्हा केसांत जळमटं होती.

"चढ जास्त आहे," ती म्हणाली. "नियमात बसत नाही."

"मग बसवा. शिकलात कशासाठी एवढं?"

सोल्दानी लाल झाली. पण तिचा राग इरिदेवर नव्हता. आपल्याच नकाशानं आपल्याला तोंडघशी पाडलं, याचा होता. तिनं पिशवीतून मोजपट्टी काढली. "हे टोक धरा जरा," ती उबाल्दोला म्हणाली. त्यानं चलनवही काखेत मारली आणि टोक धरलं.

खटला व्हायचा तो झालाच. दंड झाला, आणि क्लबनं इरिदेला सबंध हंगामभर स्टेडियमबंदी केली. ती दर सामन्याला आली. फळ्या ठोकलेल्या त्या भगदाडाबाहेर खुर्ची लावून ती गाणं सुरू करायची. आत वर बसलेल्यांना ते ऐकू जायचं आणि सगळा कुर्वा ते उचलायचा. अध्यक्षांनी रखवालदार पाठवला. तोही दुसऱ्या कडव्याला गाऊ लागला.

रोमचा कागद शेवटी आला. सोल्दानीनं चढाला मध्ये सपाट टप्पा देऊन तो वळवून घेतला आणि पुढच्या सप्टेंबरात कुर्व्यात खुर्च्यांच्या सहा जागा झाल्या. अध्यक्ष फीत घेऊन आले. चढाला इरिदेचं नाव द्यायचं घाटत होतं.

"पाट्यांवर मेलेल्यांची नावं लावतात," ती म्हणाली. "माझं तिकीट तपासा आणि वाटेतून बाजूला व्हा."

त्या दिवशी कास्तेलमोरा दोन गोलांनी हरलं. उतरताना इरिदेला चढाच्या पायथ्याशी चाकाच्या दोन खुर्च्या दिसल्या: एक म्हातारा आणि त्याची लेक. सहाही जागा भरल्या म्हणून त्यांना दारातूनच परतवलं होतं, पण घरी न जाता दोघं तिथंच बसून राहिले होते. इरिदेनं त्यांची नावं विचारून घेतली.

सोमवारी कचेरी उघडली तेव्हा ती नगरपालिकेच्या खिडकीपाशी पहिली होती.

"सहा पुरत नाहीत," ती आतल्या कारकुनाला म्हणाली. "वाढवायच्या आहेत. साहेबांना बोलवा."

"साहेब बैठकीत आहेत. वेळ लागेल, सिन्योरा."

"लागू दे. मी बसूनच आलेय."