टाचांची हाक

मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला नोएलियाने टाचा आपटून हाक दिली आणि आन्सेल्मो गायलाच नाही.

फ्लामेंको या स्पॅनिश नाचात नाचणारी पायांनी हाक देते, मग गायकाने सूर लावायचा. नोएलियाने पुन्हा हाक दिली. गिटारवाला थांबला. क्लास चालवणाऱ्या रेयेसबाईंनी टाळ्या बंद केल्या.

"काय रे, डुलकी लागली?" त्यांनी विचारलं.

"तुझी शिष्या इतकी झकास नाचतेय, गायचं कुणाला सुचतंय?" आन्सेल्मो म्हणाला.

सगळे हसले. भिंतीलगतच्या बाकावर बसलेली सास्किया हसली नाही. वास्तुकला शिकायला ती वर्षभरासाठी हॉलंडमधल्या ग्रोनिंगनहून सेव्हिलला आली होती. तिची खोली क्लासच्या बरोबर वर होती. या धडधडीत अभ्यास होत नाही म्हटल्यावर ती खाली येऊन बघत बसायला लागली, ती बसतच राहिली. बाकीच्यांची तोंडं आरशाकडे असत. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला आन्सेल्मो फक्त बाकावरून समोर दिसे. त्याचे डोळे सतत नाचणारीच्या बुटांवर असतात, हे तिने कधीच हेरलं होतं. आज नोएलियाने शनिवारी फ्लामेंको क्लबात होणाऱ्या कार्यक्रमाचा लांब शेपटाचा झगा घातला होता. बूट दिसतच नव्हते.

मधल्या सुट्टीत आन्सेल्मोने सास्कियाला दाराबाहेर बोलावलं.

"ए हॉलंडवाली, तुला कळलंय ना?"

"काय?"

"सोंग नको करूस. डावा कान केव्हाच गेला, आता उजवाही त्याच वाटेवर आहे. हाक कधी येते ते तुला कळतं?"

"आता कळतं."

"मग ती आली की नुसती मान हलव. बाकाकडे कोण बघतंय?"

सुट्टीनंतर सास्कियाने मान हलवली आणि आन्सेल्मोचा सूर अगदी ठेक्यावर लागला.

"आता कसं," रेयेसबाई म्हणाल्या.

क्लास सुटल्यावर खिडक्या लावता लावता त्यांनी सास्कियाला विचारलं, "तू त्याच्या समोर बसतेस. त्याला ऐकू येतं का गं?"

"सुट्टीनंतर बरोबर गायले ते."

"ते नाही विचारलं मी."

"मग त्यांनाच विचारा ना, बाई."

"विचारलं की. म्हणतो, तुझ्यापेक्षा माझे कान बरे आहेत. आणि हे सांगताना टक लावून माझ्या ओठांकडे बघत होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे गं. पण दुसऱ्या कुणी सांगितलं, तर मी एकटी वाईट ठरणार नाही." रेयेसबाई बाकावर टेकल्या. "माझ्या पहिल्या नाचाला गायला तो. घरदार नाही त्याला, हे गाणंच काय ते आहे. एकदा काढला, की उद्या गल्लीत त्याला कुणी गायला बोलावणार नाही. पण शनिवारी ती पोर सगळ्या क्लबासमोर हाक देत उभी राहिली आणि हा गप्प बसला, तर? पहिलाच कार्यक्रम तिचा. परत स्टेजवर चढायची नाही ती."



"सुट्टीनंतर मी मान हलवत होते," सास्किया म्हणाली.

रेयेसबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "त्याने सांगितलं?"

"हो."

"आणि तू ऐकलंस. शहाणीच आहेस." त्यांनी दिवा मालवला. "चल, मला कुलूप लावायचंय."

बुधवारी बाईंनी जवळच्या उत्रेरा गावच्या एका तरुण गायकाला फोन केला. शनिवारी संध्याकाळी मोकळा आहे, येतो, असं तो म्हणाला. गुरुवारच्या तालमीला आन्सेल्मो नेहमीसारखाच आला, नेहमीच्या खुर्चीवर बसला. सास्कियाने मान हलवली, तो गायला. बाई आरशासमोर होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत उत्रेराच्या गायकाला 'येऊ नकोस' असं कुणी कळवलेलं नव्हतं. आन्सेल्मोलाही नाही.