लाल दोऱ्याचं रीळ

नीळकंठ मोहरीलांच्या टेबलावर दोन रिळं असत, एक निळ्या दोऱ्याचं, एक लाल. तपासलेला बार पास झाला की टोकाला निळा दोरा, नापास झाला की लाल. बार म्हणजे माणसापेक्षा लांब, तांब्याचा वाकवलेला दांडा. त्यावर अभ्रकाची टेप थरावर थर गुंडाळायची, मग गरम प्रेसमध्ये दाबून पक्की करायची. असे बार एकत्र बसवले की वीजघरातल्या जनित्राचं पोट भरतं. टेपला कुठे सुरकुती राहिली तर ती प्रेसमध्ये आत गाडली जाते आणि पुढच्या चाचण्यांत कधी सापडते, कधी सापडत नाही. सापडली नाही, तर काही वर्षांनी वीज नेमकी तिथून वाट काढते. म्हणून प्रेसच्या आधी हातांनी तपासणी. डोळ्यांना थोडं कळतं, बोटांना सगळं. मोहरील डोळे मिटूनच बार तपासायचे. कारखान्यात त्यांचं नाव होतं ते त्यामुळेच.

होळीनंतर ते कामावर परत आले आणि तेव्हापासून लाल रिळाला त्यांचा हात लागला नव्हता. आता मे महिना उजाडला होता.

परत आले म्हणजे आजारातून. मानेतली गाठ बघून टाउनशिपच्या हॉस्पिटलने त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे, औषधं लागू पडताहेत, पण ती बराच काळ घ्यावी लागतील. नोकरीचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "करायची की सोडायची, तुम्ही ठरवा. मी दोन्हींचं सर्टिफिकेट देईन."

मोहरीलांनी करायची ठरवली. क्वार्टरमध्ये ते पेशंट होते, कारखान्यात मोहरीलसाहेब. बायको, सिंधू, म्हणाली, "बघा, तुमची इच्छा." त्या सुरात त्यांना काहीतरी खटकलं होतं.

पण त्याहून खटकत होतं ते लाल रीळ. हाताखाली येणारा प्रत्येक बार चांगला निघतो, हे कोणत्या तपासनिसाला पटेल? श्याम रेवाळेची टेप दुपारनंतर ढिली पडते हे शेडमधल्या त्यांच्या सगळ्या बे-ला ठाऊक होतं. टेप गुंडाळणारा उज्जैनचा पोरगा, हात चलाख, लक्ष क्रिकेटच्या स्कोअरकडे. त्याचेसुद्धा बार बिनबोभाट पास होत होते.

"काय रे श्याम," मोहरीलांनी एकदा विचारलं, "तुझे बार हल्ली फार चांगले होतात."

"सुधारलो म्हणा की साहेब."

"कधीपासून?"

"तुम्ही सुट्टीवर गेला होता ना, तेव्हापासून." श्याम हसला, आणि मग उगीचच गंभीर झाला.

ते गंभीर होणं मोहरीलांच्या मनात रुतून बसलं. आपल्या आधी कोणीतरी बार चाळतंय. खराब तेवढे बाजूला काढतंय आणि चांगले आपल्यापुढे ठेवतंय, देवाला नैवेद्य दाखवतात तसे. म्हाताऱ्याला वाईट वाटायला नको, अजून काही महिने जातील, तोवर निळे दोरे बांधू देत. दोराही अलीकडे काहीतरी भिकारच येत होता, गाठ म्हणून बसत नव्हती. त्यांनी स्टोअरकडे तशी तक्रारही केली होती.

एकदा संशय आला की पुरावे आपोआप गोळा होतात. ते जवळ आले की टेपवाले बोलायचे थांबत. सेक्शनचे प्रमुख शुक्लासाहेब, जे एरवी तपासणीला उशीर झाला की डोक्यावर उभे राहत, ते आता "आराम से, आराम से" म्हणत पुढे जात. आणि विश्वास गुर्जर. शेजारच्या टेबलावरचा दुसरा तपासनीस, इंदूरचा, वीस वर्षांचा सोबती आणि तितक्याच वर्षांचा स्पर्धक. कोणाची बोटं तल्लख, यावर दोघांच्या चहाच्या पैजा लागायच्या. परत आल्यापासून विश्वासने एकही पैज लावली नव्हती.

त्यात भर म्हणजे एका रविवारी मोहरील झोपून उठले, तर क्वार्टरच्या फाटकाशी विश्वास स्कूटर न बंद करता सिंधूशी हळू आवाजात बोलत होता. मोहरील दिसताच त्याने करोंदच्या बाजारातून आणलेली भाजीची पिशवी पुढे केली.

"नीळूभाऊ, टमाटर एकदम सस्ते मिळाले. म्हटलं वहिनींना देऊन टाकू."

तो गेल्यावर मोहरीलांनी विचारलं, "काय म्हणत होता?"

"टोमॅटो स्वस्त आहेत म्हणत होता," सिंधू म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली.

एवढ्याशा टोमॅटोंना इतका वेळ लागत नाही. म्हणजे घरचे नि कारखान्यातले मिळूनच होते.

त्या आठवड्यात बातमी आली की प्रेस दुरुस्त झाली. होळीच्या आधीपासून तिचं काम चाललं होतं, तोवर पास झालेले सगळे बार रॅकवर थांबले होते. सोमवारपासून ते प्रेसमध्ये जाणार. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मोहरील डबा अर्धवट टाकून लवकर परत आले, तर विश्वास त्यांच्या रॅकपाशी वाकलेला.

"सापडलास," मोहरील म्हणाले.

विश्वास दचकला. "काय सापडलो?"

"माझे बार माझ्याआधी कोण बघतं ते. किती दिवस चाललंय हे? सिंधूनं सांगितलं का शुक्लानं?"

"नीळूभाऊ, कोणी काही बघत नाही. खरंच."

"मग लाल दोरा का लागत नाही मला? श्याम रेवाळेचासुद्धा बार नापास होत नाही, मी काय दूधपीता आहे?"

विश्वासने रुमालाने मान पुसली. मग म्हणाला, "असं करू. माझ्याकडे आज नापास झालेले बार आहेत. त्यांचे लाल दोरे सोडतो, टोकाला खालून पेन्सिलची खूण करतो आणि तुमच्या दुपारच्या लॉटमध्ये मिसळतो. कोणी चाळत असेल तर ते तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत. मग तुम्ही खरे, मी खोटा. चहा माझ्याकडून."

"मी इथून हलणार नाही."

"नका ना हलू."

मोहरील खरोखरच हलले नाहीत. रॅक आणि टेबल यांच्यामध्ये स्टूल टाकून बसले. बार उचलून आणणाऱ्या हमालांच्या हातांवर नजर ठेवली. श्याम पाणी प्यायला निघाला तरी कुठे जातो ते पाहिलं. कोणी रॅकला हात लावला नाही. एकेक बार समोर आला, त्यांनी डोळे मिटले, बोटं फिरवली, निळा दोरा बांधला. गाठी बसत नव्हत्या, बांधत राहिले. लॉट संपला तेव्हा त्यांना विजय झाल्यासारखं वाटत होतं.

"टाकलेच नाहीस तू," ते म्हणाले. "मला माहीत होतं. सगळे चांगलेच होते. तूच चाळून दिलेस."

विश्वासने एक बार वळवून दाखवला. टोकाला खालून पेन्सिलची खूण होती, वर निळा दोरा. मग त्याने दुसरा वळवला. त्यालाही निळा दोरा.

"खूण तर चांगल्या बारलाही करता येते," मोहरील म्हणाले, पण आवाज तितका चढला नाही.

"हात द्या." विश्वासने त्यांचा हात धरून बारच्या मधल्या वळणावर ठेवला. "इथे."

काहीच नव्हतं. गुळगुळीत. मोहरीलांनी डोळे उघडले, दिव्याकडे तिरकं होऊन पाहिलं. सुरकुती होती. अगदी नखाएवढी उभी सुरकुती, नवशिक्यालाही लागावी अशी. त्यांनी पुन्हा डोळे मिटून त्याच जागी बोट नेलं. मोज्यातून चाचपडल्यासारखं. आता त्यांना डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आठवला, दर वेळी विचारायच्या तो: बोटांना मुंग्या येतात का, बधिर होतात का, औषधाने होतं तसं. दर वेळी ते नाही म्हणाले होते.

"तू डोळे मीट," ते म्हणाले. विश्वासने मिटले, बारवर हात सोडला आणि त्याचं बोट थेट तिथे जाऊन थांबलं.

बे-मध्ये पंखे घरघरत होते. मोहरीलांनी मागे वळून पाहिलं. रॅकच्या रॅक. प्रत्येक टोकाला त्यांनी बांधलेला निळा दोरा.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"शक होता. माझे काही बार चुकून तुमच्याकडे गेले होते, नापास होण्यासारखे. निळे होऊन आले." विश्वास जवळ सरकला. "मघाशी तेच बघत होतो मी. ऐका. उद्या सुट्टी आहे, परवा रविवार. मी आणि श्याम येऊन सगळे परत तपासतो. शुक्लाला कळायची गरज नाही. आणि पुढे, तुमच्यासमोर येण्याआधी मी नजर टाकत जाईन. तुम्ही बसा की इथेच. कोण काय म्हणतंय?"

म्हणजे ज्या गोष्टीचा इतके दिवस राग होता, ती आता त्यांना नीट, प्रेमाने देऊ केली जात होती. टेबल राहणार होतं, नाव राहणार होतं, सकाळची पाळीही. मोहरीलांनी स्वतःशी कबूल केलं की क्षणभर त्यांना हो म्हणावंसं वाटलं. चाळून दिलेल्या बारांवर हात फिरवायचा आणि ज्याने चाळले त्याच्याकडे बघून हसायचं. तेही जमलं असतं एखाद्या वेळेस.

"आणि माझ्याआधी बघताना तुझ्या नजरेतून एखादा सुटला तर?"

"तर मग..."

"तर तो पासच. कारण माझ्यामागे कोणी नाही. दोन तपासनीस दिसणार आणि तपासणार एकच." ते उठले. "शुक्लाला बोलाव. सोमवारी प्रेस चालू करायची नाही म्हणावं."

शुक्लासाहेब आले, ऐकलं, आधी लाल झाले, मग त्यांनी मोहरीलांकडे पाहिलं. "मोहरीलजी, डिलिव्हरी..." एवढंच म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. मोहरीलांनी रॅकपाशी जाऊन पहिल्या बारचा दोरा सोडायला घेतला. गाठ सुटेना. विश्वास कात्री घेऊन आला. एक जण धरायचा, एक कापायचा. थोड्या वेळाने श्यामही आला, आज विनोद न करता.

घरी पोहोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. सिंधू अंगणात पाणी शिंपडत होती. मोहरील पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. बोटांचं, बारांचं, दवाखान्यात खोटं बोलल्याचं. "तपासणी पूर्ण होईपर्यंत जाईन. कुठला बार कधीचा ते मलाच ठाऊक आहे. मग अर्ज देतो. डोळ्यांचं काही काम असलं तर देतील म्हणाले शुक्ला, स्टोअरमध्ये वगैरे. मी नको म्हटलं."

बोलता बोलता ते तिचा चेहरा बघत होते. जुनी खोड.

"तुला बरं वाटलं," ते म्हणाले.

"हो, वाटलं."

"म्हणजे तुला आधीपासून हेच हवं होतं. विश्वासला काय सांगितलं होतंस?"

"दमलात असं दिसलं तर मला कळवा, एवढंच. तर तो म्हणाला, दमत नाहीत, पण काहीतरी चुकतंय. काय ते सांगेना."

"मग मला का नाही बोललीस?"

सिंधूने बादली खाली ठेवली. "बोलले असते, तर तुम्ही आणखी सहा महिने हट्टानं गेला असता. खरं सांगा, गेला असता की नाही?"

मोहरीलांनी विचार केला. या प्रश्नात काही खोच आहे का ते शोधलं. सापडली नाही.

"गेलो असतो," ते म्हणाले. "सोमवारी डबा दे मात्र. आणि मंगळवारी दवाखान्यात तूही चल. बाईंनी विचारलं की तूच सांग बोटांचं, मी परत 'नाही'च म्हणेन."