वाफेवर शिजवलेला दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि माझे डोके तापलेले आहे. दगडाला डोके कुठले, असे म्हणून हसू नका. मला नुसता दगड समजल्यामुळेच पुढचा सगळा घोळ झाला.

मी समुद्राच्या तळाशी घडलो. पोवळ्याचे बारीक जीव एकमेकांच्या सांगाड्यांवर घरे बांधत गेले आणि त्यातून माझे अंग तयार झाले. अंगभर भोके आणि आत बोगदेच बोगदे. त्यांत केसाएवढे किडे राहत, तांदळाच्या कणीएवढ्या कोळंब्या राहत आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू तर इतके, की कुणी मोजायला बसूच नये. हे जंतू माझे खरे वैभव होते. मासे पाण्यात घाण करतात, तिचे विष होते आणि ते विष माझे जंतू खाऊन टाकत. या कामाचे कधी कुणी कौतुक केले नाही, आणि आम्हाला ते नकोही होते.

पुढे कुणीतरी मला वर काढले, ओल्या कागदात गुंडाळले आणि मी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात आलो. तिथून माझ्या काही भावंडांसकट मला दातांच्या एका डॉक्टरांनी नेले. दवाखान्यातल्या बाकांसमोर त्यांना खाऱ्या पाण्याची टाकी हवी होती. मासे बघून मुले रडणे विसरतील, असा त्यांचा हिशेब. हेतू वाईट नव्हता, हे मी नाकारत नाही. दुकानदाराने बजावून सांगितले होते, की आधी नुसते दगड ठेवा, महिनाभर पंप चालू द्या आणि कशालाही हात लावू नका. पाणी तपासायची एक बाटलीही त्याने बरोबर दिली. ती डॉक्टरांनी खणात टाकली.

प्रवासात माझ्यातले थोडे जीव गेले होते, त्यामुळे टाकीला वास येऊ लागला. डॉक्टरांची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत, दवाखान्याचा दरवाजा आणि हत्यारांची धुलाई सांभाळायची. तिने नाक मुरडले. दातांच्या दवाखान्यात असा वास आला तर लोक आत तरी पाऊल टाकतील का, असे ती दिवसभर पुटपुटत राहिली. आणि डॉक्टर म्हणजे चमचा दिसला तरी उकळायला घेणारा माणूस. जन्म गेला जंतू मारण्यात.

"आक्का, मशीन रिकामं आहे ना? मग घाल यांना आत," ते म्हणाले.

मशीन म्हणजे चिमटे आणि सुया दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायचा पोलादी डबा. त्यात त्यांनी मला आणि माझ्या भावंडांना घातले, झाकण आवळले आणि बटण दाबले. आत काय झाले ते सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, मग दगडाला तळपाय नसले तरी बेहत्तर. माझे सगळे बिऱ्हाड माझ्याच पोटात शिजून मेले. आणि मी बाहेर आलो तेव्हा आक्का म्हणाली, की बघ, कसा दुधासारखा निघाला! आलागेला पेशंट माझ्या रंगाचे कौतुक करत होता.

पाणी काचेसारखे नितळ दिसत होते, मग महिनाभर कोण थांबणार? त्याच आठवड्यात डॉक्टर एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा आणि एक गोगलगाय घेऊन आले. पिशवी त्यांनी आधी टाकीत तरंगत ठेवली, आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी व्हावी म्हणून. मग हलक्या हाताने ती पाण्यात उघडली. आक्का श्वास रोखून उभी होती. एवढ्या मायेने त्यांनी त्या दोघांना विषात सोडले. माझ्या पोटात माझी मेलेली माणसे कुजत होती आणि ते विष खाणारे कुणीच उरले नव्हते. पाणी राखणे हे ज्याचे काम, त्याच्याच हातून त्यांनी ते नासवले.

गोगलगाय माझ्यावर अन्न शोधत फिरली. काही मिळेना, पाणी सोसवेना, म्हणून काच चढून पाण्याबाहेर जाऊन बसली. ती पेशंट बघायला वर आली, अशी आक्काने थट्टा केली. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची भराभर उघडझाप करू लागला. आणि डॉक्टरांना काय सुचावे? टाकी दिसायची त्या खुर्चीत किडलेल्या दाढेची एक मुलगी तोंड घट्ट मिटून बसली होती. तिला ते म्हणाले, "तो बघ किती छान आ करतोय. तूही कर."

मुलीने आ केला, आणि माशासारखी भराभर धापाही टाकू लागली. डॉक्टर हसून म्हणाले, की अगं, हळू.

"पण तो असाच करतोय," मुलगी म्हणाली. "तो दमलाय."

डॉक्टरांच्या डोळ्यांवर दात मोठे दिसायचा चष्मा होता. तसेच ते वळले आणि त्यांना माशाचे लालभडक कल्ले दिसले. मग खण उघडला, बाटली निघाली, टाकीतल्या पेलाभर पाण्यात तिचे थेंब पडले आणि ते गडद हिरवे झाले, म्हणजे विषच. तोवर मासा माझ्याशेजारी वाळूवर आडवा झाला होता. दुसऱ्या पाण्यात टाकूनही तो हलला नाही.

आक्काने डोळे पुसले आणि मला उचलले. कुठेतरी जंतू राहिले असतील, पुन्हा एकदा वाफ देऊ, असे तिचे म्हणणे.

डॉक्टर पेशंटच्या बाकावर मटकन बसले. "ठेव त्याला. जंतू राहिले नाहीत, आक्का, म्हणून तो मेला. आपण सगळे मारून टाकले."

गोगलगाय दुकानात परत गेली. डॉक्टरांनी न उकळलेल्या, वास मारणाऱ्या दगडाचा एक तुकडा आणून मला टेकवून ठेवला. त्याच्यातले जंतू हळूहळू माझ्यात उतरत आहेत. माझ्यावर तपकिरी शेवाळ धरले आहे. आक्का नाकाला रुमाल लावते, पण मला घासायला येत नाही. रिकाम्या टाकीत कशाला बघायचे, असे परवा एका पेशंटने विचारले.

"रिकामी कुठंय?" आक्का म्हणाली. "आपल्याला दिसत नाहीत एवढंच."

हे ऐकून माझा राग उतरायला हवा होता. उतरला नाही. मित्रांनो, कुणाला घरी आणायचे तर आधी त्याला लागते ते घर होऊ द्या. तुमच्या डोळ्यांना स्वच्छ दिसते, यावर जाऊ नका आणि थांबायला सांगितले तर थांबा. तो नारिंगी मासा आठवडाभरही जगला नाही, आणि त्याला कसलाही आजार नव्हता.