आक्काचे एक्केचाळीस तुकडे

ए, आधी सगळे गप्प बसा. मधे कुणी बोललात तर मी गडबडेन, आणि ही गोष्ट गडबडून सांगायची नाहीये.

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागलेय ना, तळघरात, तिथे एक मशीन आहे. मशीन म्हणजे तुमच्या घरातलं नाही हं. या खोलीएवढं. त्याच्या गोल दारातून मी वाकून आत जाऊ शकते, गेलेही होते एकदा मोजा काढायला. आणि त्याला पुढे एक स्क्रीन, आणि त्या स्क्रीनवर एक्केचाळीस ओळी, आणि सगळ्या कुठल्या तरी भलत्याच भाषेत. मशीन कुठून तरी जुनं आलेलं. बसवणारा माणूस बसवून गेला तो गेलाच. नुसत्या वेलांट्या, ठिपके आणि आकडे. पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा मला वाटलं, स्क्रीनवर मुंग्या फिरतायत.

आणि ते मशीन चालवायची फक्त आक्का. आक्का म्हणजे साठीच्या आसपासची, बुटकी, कोपरापर्यंत बाह्या वर. अकरा वर्षं झाली तिला. दुसऱ्या कुणाची हात लावायची टाप नाही. इस्त्रीकाका, म्हणजे आमच्याकडे इस्त्री करणारे, ते मला पहिल्याच दिवशी कानात म्हणाले, "आक्काला ती भाषा येते. तरुणपणी परदेशी लोकांच्या घरात होती म्हणे कामाला." मी म्हटलं, बापरे! मी तर तिच्याकडे बघतच बसायचे. चष्माबिष्मा काही नाही, टक टक टक, तीन बोटं मारली की ते एवढं धूड गुरगुरायला लागायचं. रजिस्टर भरायची वेळ आली की मात्र म्हणायची, "पोरी, तूच लिही, चष्मा घरी राहिला." रोजच राहायचा. मला काही वाटलं नाही. तुम्हाला तरी वाटलं असतं का?

तर मंगळवारी आक्काने दाढ काढायला सुट्टी घेतली. अकरा वर्षांतली तिसरी सुट्टी. आणि मशीनने बरोबर तोच दिवस धरला. सकाळी ऑपरेशनचे हिरवे गाऊन आत, आणि ते मधेच बंद. लाल दिवा, एक लांबलचक ओळ, आणि कुंई कुंई कुंई. दार उघडेना, पुढे जाईना. आक्काचा फोन बंद, कारण तोंडात चिमटा! वरून सिस्टरचा फोन, "गाऊन कुठायत? डॉक्टर थांबलेत, पेशंट टेबलावर आहे." आमचे सुपरवायझर, त्यांना सगळे घड्याळसाहेब म्हणतात कारण ते माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघतात, ते नुसते येरझाऱ्या घालतायत. पाऊण तास गेला, गंमत नाही.

मग मी म्हटलं, मी बघू? आणि माझं बोट कुठेही जायला लागलं. कुठे तरी कोपऱ्यात एवढासा पृथ्वीचा गोळा होता. तो दाबला, तर भाषांची यादी आली, प्रत्येक भाषा आपापल्या अक्षरांत, आणि सगळ्यात खाली, शप्पथ, आपली! मी दाबलं. आणि एका क्षणात, कसं सांगू, त्या सगळ्या मुंग्या उठल्या आणि शब्द झाल्या. चादरी. टॉवेल. नवजात लोकर. आणि लाल ओळ म्हणत होती, दार नीट बंद नाही. बस, एवढंच! इस्त्रीकाकांनी दाराला कंबरेने धक्का दिला आणि मशीन सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळसाहेब म्हणाले, "शाब्बास! आता कुणीही चालवेल." मी दिवसभर हवेत होते.

बुधवारी आक्का आली. गाल लाडवासारखा सुजलेला. स्क्रीनसमोर उभी राहिली आणि उभीच राहिली. मी उड्या मारत, "आक्का, बघा, आपल्या भाषेत केलं! मी केलं!" ती म्हणाली, "हो का. छान." एवढंच. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

मग तिने बाळांच्या लोकरीच्या टोप्या आत टाकल्या आणि नेहमीच्या जागी बोट मारलं. पण भाषा बदलली तेव्हा ओळींच्या जागाही बदलल्या होत्या ना, सगळ्या नव्याने रांगेत लागल्या होत्या. अर्ध्या तासाने दार उघडलं तर आतून वाफ, आणि टोप्या केवढ्या? अशा. माझ्या अंगठ्याला बसतील एवढ्या. चाळीसच्या चाळीस.

घड्याळसाहेबांनी एक टोपी उचलली, बोटावर घातली. कुणी हसलं नाही. ते म्हणाले, "आक्का, एवढं स्वच्छ लिहिलंय. वाचलं नाहीत?"

"चष्मा राहिला घरी."

"वय झालं आता. सोमवारपासून घड्या घालायच्या टेबलावर बसा. मशीन ही पोरगी बघेल."

आक्का टोप्या गोळा करायला लागली.  आणि मला तेव्हा, अगदी तेव्हाच आठवलं, की चष्मा रोज घरी राहायचा तेव्हाही ती परकी भाषा आक्का वाचतच होती. बिनचष्म्याची.

जेवणाच्या सुट्टीत सगळे वर गेले. मी मशीनपाशी गेले तर आक्का तिथेच. म्हणाली, "पोरी, पूर्वीसारखं कर."

मी म्हटलं, "करते की, आत्ता करते." गोळा दाबला, यादी आली. "पण आक्का, यातली मशीनची आधीची कुठली? मला कुठे वाचता येतंय."

तिने बघितलंही नाही नीट. बोट ठेवलं. "ही. कंगवा, दोन थेंब, उलटी छत्री."

"काय?"

"अगं, हे बघ ना. हा कंगवा. हे थेंब. ही उलटी झालेली छत्री. ही माझी माणसं आहेत, मी चुकेन होय?"

मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला वाचता येतं!"

ती म्हणाली, "येत नाही गं. तेच तर सांगतेय. मला काहीच वाचता येत नाही. आपलंही नाही."

मग ती कपाटाकडे गेली आणि साबणाच्या पिंपांमागून एक डबा काढला. बिस्किटांचा, पत्र्याचा. उघडला. आत लोकरीचे चौकोनी तुकडे, बोटभर, कडा शिवलेले, एकावर एक. तिने ते घडीच्या टेबलावर मांडले. सात, सात, सात. अशा पाच रांगा, आणि शेवटच्या रांगेत सहा. एक्केचाळीस.

"स्वेटर होता," ती म्हणाली. "ह्यांचा. ते गेल्यावर कुणी घालणारं नव्हतं. मशीन आलं, बसवणारा गेला, आणि साहेब म्हणाले चालवा. कसं चालवू? मग एकेका ओळीत एकेक तुकडा टाकला आणि काचेला हात लावून बसले. कुठल्या ओळीला काच कधी तापते, पाणी किती वेळा बदलतं, सुकवताना कसा आवाज येतो. महिना लागला. तुकडा बाहेर आला की त्याची ओळ बघायची. नीट बघायची. हा बघ, मऊ राहिलाय, ही बसलेली कोंबडी आणि शिडी. म्हणजे बाळांचं. हा पुठ्ठ्यासारखा झाला, कंगवा, कंगवा, भोवरा. म्हणजे रक्ताच्या चादरी, उकळतं पाणी."

ए, एकाच स्वेटरचे तुकडे होते ते, आणि एकासारखा दुसरा नाही! एक पांढरा पडलेला, एक आकसून नखाएवढा, एक जसाच्या तसा निळा. मी एक उचलून म्हटलं, "हा?" तिने डोळे मिटले, अंगठ्याने चोळला आणि ओळ सांगितली, अक्षर अक्षर, किंवा छत्री छत्री, काय म्हणायचं ते. मी दुसरा दिला. तिसरा. नऊ दिले. एकदाही चुकली नाही.  आमच्या अख्ख्या हॉस्पिटलात, त्या चकाचक डिग्रीवाल्या डॉक्टरांत, ती भाषा वाचणारं एकही माणूस नाही, आणि ही बाई सांगतेय मला वाचता येत नाही.

मी म्हटलं, "मग आपली अक्षरं का नाही अशी बघितलीत कधी?"

ती तुकडे सारखे करत राहिली. मग म्हणाली, "आपली दिसली की मला घाम फुटतो. ती सगळ्यांना येतात आणि मला येत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. ही कुणालाच येत नव्हती. मग लाज कसली? निवांत बघत बसले."

 मी म्हटलं, "थांबा, मी परत लावते तीच भाषा. साहेबांना सांगू मशीननेच बदललं. सोमवारी तुम्हीच मशीनवर." आणि मी बोट त्या ओळीवर नेलं.

"थांब," ती म्हणाली. "काल माझ्या दाढेपायी एक माणूस तिथे वर पाऊण तास भुकेल्या पोटी टेबलावर पडून होता. हे ऐकलं मी. मी परत आजारी पडले तर?" मग ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. घाम खरंच आला होता हं तिला, कपाळावर. एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"नवजात लोकर."

"पहिल्यापासून दाखव."

मी दाखवलं. तिने मान तिरकी केली. "हा न होय? हा तर दाराची कडी दिसतो." आणि डब्यातला मऊ तुकडा काढून त्या ओळीखाली धरला. सुट्टी संपेपर्यंत आमच्या सहा ओळी झाल्या. जेवण राहिलं. मला भूकच नव्हती.

सोमवारी काय झालं ऐका. घड्याळसाहेब आले, म्हणाले, "आक्का, टेबल." आक्काने डबा काढला, सगळ्यांसमोर. म्हणाली, "साहेब, मला लिहायला वाचायला येत नाही. अकरा वर्षं चष्म्याची थाप मारली. टोप्या माझ्यामुळे गेल्या. पण टेबलावर बसवायच्या आधी हे बघा." आणि मांडले. सात, सात, सात.

इस्त्रीकाकांनी इस्त्री उभी करून ठेवली. साहेबांनी एक तुकडा घेतला, मग आणखी एक. विचारलं, हा कुठला? तिने सांगितलं, हात लावून. मग मुद्दाम म्हणाले, आता स्क्रीनवर दाखवा. आपल्या भाषेत.  आक्का गेली, एकेका ओळीवरून बोट फिरवत, ओठ हलवत, आणि थांबली. "ही. चादरी उकळत्या." बरोबर! मग दुसरी. तीही बरोबर! चार दिवसांत, ए, चार दिवसांत एक्केचाळीसपैकी तेवीस ओळी! उरलेल्यांना म्हणाली, "यांची आणि माझी अजून ओळख झाली नाही."

साहेबांनी पहिल्यांदाच मनगटाकडे बघितलं नाही. तुकडा हळूच होता तिथे ठेवला आणि म्हणाले, "टेबल राहू दे. हे तुकडे भिंतीवर लावा, प्रत्येक ओळीच्या नावाखाली. सगळ्यांना शिकवा." जाता जाता वळून म्हणाले, "टोप्यांचं मी बघतो." इस्त्रीकाका पुटपुटले, "आणि मी गावभर सांगत सुटलो होतो, बाई परदेशी लोकांच्या घरात होती!" आक्का म्हणाली, "तुमच्यामुळेच माझा भाव वाढला होता, मी कशाला नाही म्हणू?"

आणि आता खरं सांगायचं ते. काल घरी निघालो, मी आणि ती. लाँड्रीच्या बाहेर जिन्यापाशी पाण्याचा कूलर आहे, सगळे तिथेच पाणी पितात. तिने पेला धरला, नळ सोडला आणि एकदम थांबली. पेला भरून वाहायला लागला. मी म्हटलं, "आक्का, अहो, पाणी!"

ती वर बघत होती. कूलरवर लाल रंगात लिहिलंय, पिण्याचे पाणी. तिने दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं, ओलं बोट, आणि अगदी हळू म्हणाली, "अगं पोरी. हे आपल्या मशीनमधलं. 'पाणी भरत आहे'मधलं. हे बाहेर कसं आलं?"



"अकरा वर्षं मी याच्यासमोर उभी राहून पाणी पितेय," ती म्हणाली. मग तिने सगळीकडे बघितलं. जिना, दारं, भिंती, पाट्या. अहो, केवढं लिहून ठेवलंय लोकांनी! मला कधी दिसलंच नव्हतं. तिने पेला माझ्या हातात दिला आणि त्या पहिल्या पाटीकडे चालायला लागली, आणि मी भरलेला पेला घेऊन तिच्या मागे.